दहा टक्के वाघ, नव्वद टक्के झोप

ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर उतरणारा पाहुणा कंबर सरळ करायच्या आत विचारतो, "चान्स किती आहे?" कशाचा, हे सांगावं लागत नाही. चंद्रपूरहून दुर्गापूर, पद्मापूर, आगरझरी करत इथवर आलेला माणूस इरई धरणाचं पाणी बघायला आलेला नसतो, एवढं टपरीवर कप विसळणाऱ्या पोरालाही कळतं. उत्तरही ठरलेलं असतं. गाइड टोपी सारखी करतो आणि म्हणतो, "फिफ्टी-फिफ्टी, सर. दिसला तर दिसला, नाही तर नाही." पाहुणा खूश होतो. या उत्तरात नम्रता आहे, आशा आहे, आणि ते खोटं ठरायची सोयच नाही.

सांख्यिकीच्या पेपरात मात्र या उत्तराला भोपळा मिळतो. शक्यता दोन आहेत म्हणून त्या सारख्याच वजनाच्या होत नाहीत. नाही तर लॉटरीचं तिकीटही फिफ्टी-फिफ्टीच म्हणायला हवं. लागली तर लागली, नाही तर नाही. ही गोष्ट मला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला कळली आणि सुटीच्या दिवशी मी ती गेटवर सगळ्यांना समजावून सांगितली. त्यानंतर बरेच दिवस गाइड मंडळी मला पाहुण्यांपासून जरा लांब उभं करत असत.

सांख्यिकी हा विषय कोणी घेत नाही, तो वाट्याला येतो. बारावीनंतर चंद्रपूरला कॉलेजच्या खिडकीशी अर्ज घेऊन उभा राहिलो तेव्हा माझ्या मनात फिजिक्स-केमिस्ट्री होतं. खिडकीमागचे बाबू मान वर न करता म्हणाले, "ते फुल्ल झालं. मॅथ्स-स्टॅट-कॉम्प्युटर घेऊन टाक. सरासरी काढा लागते, बाकी काही नाही." पुढची तीन वर्षं मी त्या 'बाकी काही नाही'चाच अभ्यास करत होतो.

घरी मोठेबाबांनी चौकशी केली. "का शिकवते बे याच्यात?"

"मोजायला."

"कायले मोजतेत?"

"काहीही. माणसं, पाऊस, वाघ."

मोठेबाबा रिटायर झालेले वनमजूर. खर्रा घोटता घोटता त्यांचा हात थांबला. "वाघ मोजाले कालेज लागते? आमी तं काचीवर मोजलो." एवढं बोलून ते पुन्हा खर्रा घोटू लागले. काचेचं प्रकरण काय होतं ते मला पुढे कळलं, सांगेन.

पहिल्या वर्षाचं पुस्तक उघडलं आणि लक्षात आलं की या शास्त्राच्या जगात फार थोड्या वस्तू आहेत. एक पिशवी आहे. तिच्यात पाच लाल आणि तीन निळे चेंडू आहेत. कोणीतरी न बघता त्यातला एक काढतो, बघतो, आणि काही कारण नसताना परत टाकतो. एक नाणं आहे, ते निःपक्षपाती आहे. दोन फासे आहेत. पत्त्यांचा एक कॅट आहे. या प्रकरणाला मात्र वर्गाची पूर्वतयारी उत्तम होती. मागच्या बाकावरच्या मंडळींनी चौकटची राणी येण्याची शक्यता सरांच्या आधी सांगितली, वर कॅट कोणी पिसलाय यावर ती कशी बदलते तेही सांगितलं. सरजी म्हणाले, "पुस्तकात कॅट प्रामाणिकपणे पिसलेला असतो." मागून आवाज आला, "मंग ते पुस्तकातच खेळा लागंल, सर."

आमचे सरजी भले होते. खडू, चष्मा आणि अपार सहनशीलता एवढ्या साधनांवर ते हा विषय शिकवत. माझ्या डोक्यात तो शिरला एका वेगळ्याच दिवशी, आणि त्याचं श्रेय वाघाला द्यायला हवं.

आमच्या बाजूच्या गावांतून कॉलेजला येणाऱ्या पोरांची एक चैन होती. उशीर झाला की "रस्त्यात वाघ होता" असं सांगता येई आणि ते खरं असू शके. पुण्याच्या पोराला ट्रॅफिकचं नाव सांगावं लागतं, मुंबईच्याला लोकलचं. दोन्ही कारणांत काही शान नाही. इकडे वाघीण पिल्लं घेऊन रस्ता ओलांडू लागली की बस उभी राहते, ड्रायव्हर इंजिन बंद करतो, कंडक्टर खिडकीतून मोबाइल काढतो आणि ज्या बाईला दवाखान्यात जायचं असतं तीसुद्धा "राहू द्या जी, जाऊ द्या तिले" म्हणते. अशा दिवशी उशिरा वर्गात शिरणारा पोरगा मान वर करून शिरतो. अडचण एवढीच की बाकीच्या दिवशीही तो तसाच शिरतो.

सरजींनी हे कारण पुष्कळदा ऐकलं होतं. एक दिवस त्यांनी चष्मा पुसला आणि उशिरा आलेल्या पोराला दारातच उभं ठेवून फळ्याकडे वळले. "वाघ आडवा आला, तर उशीर होण्याची शक्यता किती?" वर्ग एकमुखानं म्हणाला, "शंभर टक्के." "मान्य. आता उलटं सांगा. उशीर झाला आहे, तर वाघ आडवा आला असण्याची शक्यता किती?" वर्ग गप्प. सरजींनी आकडे मांडले. समजा, कॉलेजचे शंभर दिवस. त्यात वाघ आडवा येतो दोन दिवस. दोन्ही दिवशी उशीर. उरलेल्या अठ्ठ्याण्णव दिवसांत हे महाशय आपल्या गुणांनी अठरा दिवस उशिरा येतात. उशिराचे दिवस एकूण वीस, त्यातले वाघाचे दोन. "दहा टक्के वाघ, नव्वद टक्के झोप. बसा खाली."

हे सूत्र थॉमस बेज नावाच्या इंग्रज पाद्र्याचं. बेज वारला १७६१ मध्ये आणि त्याचा लेख छापून आला १७६३ मध्ये. म्हणजे त्यालाही उशीरच झाला, आणि त्यात वाघाचा काही हात नव्हता. पुस्तकात हे सूत्र दोन कारखाने, तीन यंत्रं आणि सदोष बोल्ट असं शिकवतात. आमच्या वर्गात एकानंही बोल्टचा कारखाना पाहिलेला नव्हता. वाघ आणि झोप मात्र सगळ्यांच्या घरची होती.

आणि मग सुटीत घरी आलो की दिसू लागलं, आमचे गाइड दिवसभर हेच गणित करतात. जंगलात वाघ आधी दिसत नाही, त्याची बातमी ऐकू येते. चितळ ओरडतं, वानर खाकरतं, सांबर ठणकावून हाक देतं. त्याला इकडे 'कॉल' म्हणतात. पाहुण्याला सगळे कॉल सारखे. चितळ ओरडलं की सहाच्या सहा जण जिप्सीत उभे. गाइड बसून असतो. मी एकाला विचारलं तर म्हणाला, "चितळाचं काय घेऊन बसला? पान हाललं तरी कोकलते. वानर झाडावरून पाहून बोलते, त्याचं ऐकावं. पण सांबर बोललं ना, की गाडी फिरव." त्याला मी सांगितलं की हे सशर्त संभाव्यतेचं उत्तम उदाहरण आहे. तो म्हणाला, "असंल. पण तू आवाज नको करू."

सरजींना या विषयाचा अभिमान होता. हे शास्त्र परदेशातून आलेलं असलं तरी इथं रुजवणारी माणसं आपली आहेत, असं ते दर सत्रात एकदा सांगत. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे भुकेचा हिशोब करत थेट जागतिक अन्न व शेती संघटनेत पोचले, आणि सरासरी गरजेखाली खाणारा प्रत्येक माणूस उपाशीच धरू नका, माणसामाणसांत आणि दिवसादिवसांत फरक असतो, असं त्यांनी ठासून मांडलं. हे शेवटचं आमच्या मेसच्या मालकाला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. तो दुसरी पोळी वाढताना याच मताचा दिसे.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस २९ जून. भारत सरकार तो २००७ पासून सांख्यिकी दिन म्हणून पाळतं. सरजींची इच्छा असे की त्या दिवशी विभागात दोन भाषणं व्हावीत. पण ताडोब्याचा कोअर पावसाळ्यासाठी १ जुलैपासून बंद होतो आणि जूनच्या शेवटच्या दिवसांत गेटवर पाहुण्यांची झुंबड असते. आमच्या बाजूची निम्मी पोरं त्या दिवशी कुठल्या ना कुठल्या गाडीवर कामाला. सांख्यिकी दिनाला हजेरी लागायची ती मुख्यतः वक्त्यांची.

आता टी-टेस्टबद्दल सांगायलाच हवं, कारण ते प्रकरण आमच्याकडे जितकं रंगलं तितकं ते क्वचितच कुठं रंगलं असेल. नमुना लहान असताना निष्कर्ष कसा काढायचा, याची ही चाचणी. ती शोधणारा माणूस विल्यम गॉसेट. डब्लिनच्या गिनीज कंपनीत नोकरीला होता. चार-दोन शेतांतल्या जवावरून, मूठभर नमुन्यांवरून माल चांगला की वाईट हे ठरवायची त्याला रोजची गरज. कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावानं लेख छापू देत नव्हती, म्हणून त्यानं १९०८ मध्ये 'स्टुडंट' या नावानं छापला. जगातली बहुतेक प्रमेयं प्रोफेसरांच्या नावावर आहेत. हे एक विद्यार्थ्याच्या नावावर आहे, म्हणून आम्हाला त्याचं विशेष कौतुक वाटलं. मग कोणीतरी विचारलं, "सर, ही गिनीज कंपनी काय बनवते?"

सरजींनी खडू खाली ठेवला. खिडकीबाहेर बघितलं. "बिअर," ते म्हणाले.

तो काळ लक्षात घ्या. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती, ती उठली २०२१ मध्ये. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. आणि आमचं गोंडवाना विद्यापीठ, २०११ मध्ये स्थापन झालेलं, गडचिरोलीलाच. म्हणजे एका कोरड्या जिल्ह्यातून आलेला अभ्यासक्रम दुसऱ्या कोरड्या जिल्ह्यात शिकवला जात होता आणि त्यातलं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण दारूच्या भट्टीतून आलेलं होतं. वर्गात इतकी एकाग्रता मी नंतर कधी पाहिली नाही. मागून एकानं गंभीरपणे विचारलं, "सर, मग हे आपल्या जिल्ह्यात चालते का?"

या गिनीजचा आमच्या जंगलाशी पुढं आणखी संबंध आला. १९५१ मध्ये आयर्लंडात शिकारीला गेलेल्या गिनीजच्या एका बड्या साहेबाचा मित्रांशी वाद झाला, की शिकारीच्या पक्ष्यांत सर्वांत वेगानं उडणारा कोणता. वाद मिटवायला पुस्तक हवं म्हणून कंपनीनं विक्रमांचं पुस्तकच काढलं, १९५५ मध्ये. त्याच वर्षी ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. याला सांख्यिकीत योगायोग म्हणतात आणि टपरीवर देवाची करणी. मग २०१८ च्या देशभरातल्या व्याघ्रगणनेची त्याच पुस्तकात नोंद झाली, सर्वांत मोठं कॅमेरा-ट्रॅप सर्वेक्षण म्हणून. २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले. फोटो निघाले ३,४८,५८,६२३. त्यातले वाघाचे ७६,६५१. भागाकार केला तर हजार फोटोंत वाघाचे जेमतेम दोन. उरलेल्या नऊशे अठ्ठ्याण्णवांत चितळं आहेत, रानडुकरं आहेत, वाऱ्यानं हललेलं गवत आहे आणि सरपण आणायला गेलेली माणसं आहेत. ज्या जंगलात चोवीस तास जागा राहणारा कॅमेरा हजारात दोन वाघ पकडतो तिथं पाहुणा एका फेरीत, ऑनलाइन भरलेल्या पैशात, जवळून आणि शक्यतो चालत येणारा वाघ मागतो.

आता मोठेबाबांची काच. ओडिशातले वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये पावलांच्या ठशांवरून वाघ मोजायची पद्धत आणली आणि ती साडेतीन दशकांहून जास्त चालली. ठसा सापडला की वर काच ठेवायची, पेनानं आकार गिरवायचा, प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून साचा घ्यायचा. प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा, हे गृहीत. मोठेबाबा या कामात वाकबगार. पण त्यांचं म्हणणं असं, "नाल्याच्या वल्या रेतीत पाय पडला तं हा एवढा ठसा. तेच जनावर फुफाट्यातून गेलं तं दुसरंच दिसते. एका रातीत एक वाघ तीन जागी, तीन जातीचा. आता मोज." शिवाय आणखी एक अडचण होती आणि ती कुठल्याच पुस्तकात नाही. "मागल्या साली बारा लिवले होते. औंदा अकरा लिवून देशील का? मंग बारावा कुठं गेला, ते तुलेच विचारतील."

हे ऐकल्यावर देशाची आकडेवारी वाचायची मजा वाढते. या शतकाच्या सुरुवातीला ठशांच्या हिशोबानं देशात ३,६४२ वाघ होते. राजस्थानात सरिस्काला कागदावर सोळा-अठरा वाघ चालत होते आणि २००५ उजाडताना जंगलात एकही नव्हता. मग पद्धत बदलली, कॅमेरे आले, आणि २००६ चा आकडा निघाला १,४११. सगळे वाघ मेले नव्हते. बरेचसे मुळात जन्मलेच नव्हते.

नव्या पद्धतीचं मूळ मला फार आवडतं. सगळे वाघ दिसणार नाहीत हे ती आधीच कबूल करते आणि न दिसलेलेही मोजते. समजा, पहिल्या फेरीत कॅमेऱ्यांत वीस वेगवेगळे वाघ आले. पट्ट्यांवरून ओळख पटते. कुठल्याही दोघांचे पट्टे जुळत नाहीत. दुसऱ्या फेरीत पुन्हा वीस आले आणि त्यातले दहा पहिल्या फेरीतलेच निघाले. म्हणजे पहिल्या फेरीनं निम्मेच पकडले होते. तेव्हा जंगलात असावेत चाळीस. पीटरसन नावाच्या डॅनिश माणसानं माशांसाठी आणि लिंकन नावाच्या अमेरिकन माणसानं बदकांसाठी हा हिशोब वापरला. प्रत्यक्षात आता त्यावर बरीच कलाकुसर चढली आहे, पण गाभा हाच. मोठेबाबांना सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "आन जो कॅमेऱ्याले भेतच नाही, दर खेपी पुढं येते?" मी सांगतो, या एका प्रश्नावर जगभर संशोधनाचे ढीग आहेत. ताडोब्यात अशा धीट वाघांची परंपराच आहे. पांढरपवनीची माया वाघीण तर इतक्या वेळा फोटोत आली की नुसते फोटो मोजले असते तर ताडोब्यात तिचीच लोकसंख्या निघाली असती.

नेमका हाच घोटाळा आमच्या वर्गातल्या आगरझरीच्या पोराच्या प्रकल्पात झाला. सरजींनी सांगितलं होतं, स्वतः माहिती गोळा करा. बाकीच्यांनी वर्गमित्रांच्या उंच्या घेतल्या, एकानं त्या घरी बसून घेतल्या. हा गडी संध्याकाळी गेटवर उभा राहिला आणि परतणाऱ्या जिप्स्यांना विचारू लागला, "दिसला का? किती?" आकडे थक्क करणारे निघाले. जवळजवळ प्रत्येक गाडीला वाघ, आणि एका संध्याकाळचे वाघ मिळून अख्ख्या मध्य भारताला पुरतील इतके. सरजींनी वही उलगडून दोनच प्रश्न विचारले. एक, तेलियाच्या तळ्यावर एकाच वाघिणीभोवती बारा गाड्या होत्या, तर ती एक का बारा? दोन, ज्यांना दिसला नाही ते थांबून बोलले का? पोरगा म्हणाला, "नाही सर, ते काच वर करून निघून जातेत." जिप्सीला काच नसते हे सरजींना माहीत होतं, पण मुद्दा पोचला. त्यांनी वहीवर लाल शाईनं लिहिलं, 'हे वाघांचे सर्वेक्षण नसून आनंदाचे आहे', आणि पोराला पास केलं.

सरासरीचा तर इथं रोज अपमान होतो. २०२२ च्या गणनेत ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात ९७ वाघ निघाले. कोअर आणि बफर मिळून क्षेत्र साधारण १,७२७ चौरस किलोमीटर. म्हणजे दर अठरा चौरस किलोमीटरला एक. पाहुणा हे नेटवर वाचून येतो आणि मोबाइलवर नकाशा काढून विचारतो, "आपण तीन फेऱ्यांत एवढं क्षेत्र फिरलो, मग तीन तरी दिसायला हवे होते ना?" वाघ काही अठरा-अठरा चौरस किलोमीटरचे प्लॉट पाडून राहत नाहीत. आपल्याला सरासरी समजली असं ज्याला वाटतं, त्याच्याइतका दुःखी माणूस संध्याकाळी गेटवर दुसरा नसतो.

टपरीवरची सांख्यिकी मात्र वेगळ्या उंचीवर चालते. ९ एप्रिल २०२३ ला म्हैसूरच्या कार्यक्रमात जाहीर झालं, देशात ३,१६७ वाघ. टपरीवर आनंद झाला. २९ जुलैला सविस्तर अहवाल आला: ३,६८२. आता टपरीवर शांतता पसरली. वजाबाकी कोणीतरी आधीच करून ठेवली होती. "पाचशे पंधरा वाघ? पावणेचार महिन्यांत?"

मी पुढं झालो. माझ्या शिक्षणावर घरच्यांचा झालेला खर्च वसूल व्हायची ही वेळ होती. मी सांगितलं की पहिला आकडा किमान होता, खालची मर्यादा. वरची मर्यादा ३,९२५. आणि ३,६८२ हा मधला अंदाज. खरा आकडा या दोन मर्यादांच्या दरम्यान असावा, एवढंच विज्ञान म्हणतं. "मधला आहे तं मधात काऊन नाही?" चहावाल्यानं विचारलं. बरोबर होतं त्याचं. ३,६८२ वरच्या टोकाकडे सरकलेला आहे. मी वितरणाचा तिरपेपणा समजवायला पेन काढलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून एक जण म्हणाला, "वाघिणीले दिवस भराले किती लागते?"

"साडेतीन महिने," दुसरा म्हणाला.

"एप्रिल ते जुलै किती झाले?"

सगळ्यांनी बोटांवर मोजलं. साडेतीनच्या वर थोडे दिवस. टपरीवर समाधान पसरलं. हिशोब जमला होता, निसर्गनियमाला धरून होता, आणि त्याला सूत्रही लागलं नाही. मी पेन खिशात ठेवलं. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे वाक्य मला त्या क्षणी इंग्रजीत आणि मराठीत दोन्ही पाठ होतं. पण चहाचे पैसे त्या कोपऱ्यातल्या माणसानं दिले होते.

हे आकडे जंगलातून पायी आणावे लागतात, एवढं मात्र टपरीवर कोणी विसरत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये याच गणनेच्या सर्वेक्षणासाठी कोलाऱ्याकडे सकाळी निघालेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. त्या आठवड्यात गेटवर कोणी कोणाला चान्स विचारला नाही.

चैतात मोह पडायला लागतो आणि गावातलं सगळं गणित उलटं होतं. पाहुण्याला फेरीत शून्य वाघ म्हणजे पैसे बुडाले. पहाटे टोपली घेऊन निघालेल्या बाईला शून्य वाघ म्हणजे पैकीच्या पैकी गुण. जंगल तेच, वाघ तेच. आमच्या पुस्तकात एक प्रकरण होतं, दोन प्रकारच्या चुकांचं. काही नसताना आहे म्हणणं ही पहिल्या प्रकारची चूक. असताना नाही म्हणणं ही दुसऱ्या प्रकारची. आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ करायचो आणि कोणती पहिली, कोणती दुसरी हे हमखास उलटसुलट व्हायचं. घरी मोठीमायचं, मोठेबाबांच्या बायकोचं, ते कधी होत नसे. झुडपात काही हाललं की ती टोपली टाकून मागं येई. दहातल्या नऊ वेळा तो रानडुक्कर असे नाही तर कोणाची गाय. जाऊबाई हसत. मोठीमाय म्हणे, "हासा. हासाले आहात ना अजून."

परीक्षेच्या दिवसांत मी अंगणात मोठ्यानं वाचत होतो. पाच टक्के सार्थकता पातळी: म्हणजे, काही नसताना आहे म्हणण्याची चूक शंभरात पाच वेळा झाली तरी ती सोसायची. मोठीमाय मोह वाळत घालत होती. तिनं मान वर केली.

"शंभरातून पाच खेपा चुकलं तं चालते, असं लिवलं आहे तुया पुस्तकात?"

चूक कोणत्या प्रकारची, हे मी समजावू लागलो. तिला प्रकारात रस नव्हता. "चालते का नाही, सांग."

"चालते."

"कोण म्हणते?"

"फिशर म्हणून एक इंग्रज होता. १९२५ मध्ये त्यानं लिहिलं, विसात एक ही मर्यादा सोयीची आहे."

"सोयीची," मोठीमाय म्हणाली. मोहाचा थर हातानं पसरत ती थोडा वेळ गप्प राहिली. "तो मोह वेचाले जात होता का?"

"नाही. शेतीच्या संशोधन केंद्रात होता. खतांचे प्रयोग करायचा. बटाट्यांवर."

"हां," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली. "बटाटा मागून येऊन मान नाही धरत, बापा."